दोन गाठींची पुरचुंडी

१९ एप्रिल, रविवार. सकाळपासून मिरच्यांचे देठ काढत बसले आहे. चार किलो मिरची, खाली दोन वर्तमानपत्रं, बसायला पाट, आणि काही झालं तरी डोळे चोळायचे नाहीत एवढा एकच नियम. मधेच चिकलठाण्याहून लेकीचा फोन आला. "आई, पाकिटात मिळतो गं मसाला. कशाला एवढा खटाटोप?" मी म्हटलं, "मिळतो ना. तू आणतेसच की. मग दर महिन्याला रिकामा डबा घेऊन माझ्याकडं कशाला येतेस?" त्यावर तिनं विषय बदलला. नातवाला सर्दी झाली आहे, आठ महिन्यांचा आहे तो. मी सांगितलं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम कर, आधी स्वतःच्या गालाला लावून बघ, मग त्याच्या छातीला हलकेच शेक दे, आणि उद्यापर्यंत उतार पडला नाही तर मला फोन न करता डॉक्टरकडं जा. "आणि टाळूला वेखंड लावू का?" तिनं विचारलं. मला एकदम हसू फुटलं. वेखंड म्हटलं की मला हसू येतं, आणि हसू थांबलं की दंडावर पळी बसल्यासारखं वाटतं. हे प्रकरण त्या पळीचं आहे.

माझं लहानपण औरंगपुऱ्यामागच्या एका गल्लीत गेलं. दोन खोल्या, पुढं अंगण म्हणावं एवढी फरशी, आणि त्या फरशीवर उन्हाळाभर काही ना काही वाळत घातलेलं. बाबा कारखान्यात होते, पाळीवर जायचे. आई गल्लीचा मसाला करायची. सुभद्राबाईच्या हातचा काळा मसाला ज्या घरात नाही असं घर आमच्या गल्लीत नव्हतं. ज्याचं सामान त्यानं आणायचं, आईनं निवडायचं, भाजायचं, चौकापलीकडच्या डंक्यावर उभं राहून कांडून आणायचं. देशमुख काकू तेवढ्या भाजताना खुर्ची टाकून समोर बसत. त्यांच्या घरी आम्ही कधी पाणी मागितलं नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही. पण त्यांच्या आमटीत वर्षभर आईचाच हात असायचा. ह्यातली गंमत मला तेव्हा कळली नाही, आणि आता कळते तेव्हा ती सांगायला काकू नाहीत.

आई कानानं भाजायची. धणे आधी मऊ वाजतात, मग तडतडतात, आणि तडतड बारीक झाली की उतरवायचे. तीळ उड्या मारायला लागले की झाकण घेऊन तयार राहायचं. खोबरं करपलं की सगळं संपलं, म्हणून ते पहिलं, कढई कोवळी तापलेली असताना. मग खसखस, शहाजिरं, लवंग, मिरी, दालचिनी, तमालपत्र; दगडफूल अगदी दोन हेलकावे; हिंगाचा खडा, हळकुंड आणि सुंठ तेलात तळून; मिरची सगळ्यात शेवटी, कारण ती भाजायला लागली की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून जायची. प्रमाण तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. तिला ते आकड्यात येतच नव्हतं. "किती घालायचं?" विचारलं की म्हणायची, "बास वाटंस्तवर."

ह्याच सामानावर तिचा दवाखानाही चालायचा. दाढ दुखली, लवंग धर. पोट फुगलं, ओवा आणि मीठ चाव. तान्ह्याचं पोट दुखतंय, हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लाव. बाळंतिणीला मेथी, खोकल्याला सुंठ आणि गूळ, झोप लागत नसेल तर जायफळ दुधात उगाळून, पण दोनच वेढे, तिसरा नाही. आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घातलं की टाळूवर वेखंडाची पूड. औषध द्यायची आणि वर म्हणायची, "उतरलं नाय तर घाटीत जा, माझ्या जिवावर बसू नगंस." घाटी म्हणजे आमच्याकडचा सरकारी दवाखाना. आईचा हळदीवर विश्वास होता, पण आंधळा नव्हता.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं सामान जुन्या लुगड्याच्या फडक्यांत बांधलेलं असायचं, एका मोठ्या पत्र्याच्या पेटीत. खूण एकच: जे आमटीत जातं त्याला एक गाठ, जे फक्त औषधाला, त्याला दोन गाठी. अंधारात हात घातला तरी तिला कळायचं. कोण काय मागायला आलं तर वाटीत घालून द्यायची आणि ती वाटी कधी रिकामी परत येत नसे. कुणी त्यात दोन लिंबं घालून पाठवी, कुणी मूठभर चुरमुरे. रिकामी वाटी परत करणं म्हणजे आमच्या गल्लीत भांडण करण्यासारखं होतं.

ज्या उन्हाळ्याचं मी सांगते आहे, त्या उन्हाळ्यात माझी दहावीची परीक्षा झाली होती आणि ताईचं लग्न ठरलं होतं. मुलगा चितेगावचा. मुहूर्त वगैरे आमच्यात नव्हता. रविवार होता, कारण कारखान्याला सुट्टी. त्रिसरण-पंचशील, हार, जेवण, एवढं साधं लग्न. पण जेवणात येसर आमटी पाहिजेच. भाजलेले गहू, ज्वारी आणि हरभऱ्याची डाळ दळून त्या पिठात मसाला मिसळला की येसर, आणि ते उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी. आमच्या भागात लग्नाचं जेवण पाहुणे ह्या आमटीवरून जोखतात. ताईच्या सासूबाई सुपारी फुटली त्या दिवशीच म्हणून गेल्या होत्या, "बाकी काही द्या न द्या, येसर मात्र तुमच्या हातचं पाहिजे, विहीणबाई. लई नाव ऐकलंय." आणि आई, जी कधी फुशारकी मारत नसे, ती म्हणाली होती, "खाऊन मग बोला." आता बोलून बसली होती.

लग्नाआधीच्या सोमवारी मला शिस्तीचा झटका आला. शाळेत माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. पाहुणे येणार, आणि घरात फडक्यांच्या गाठोड्यांची पेटी! मी बाबांच्या कारखान्यातून आणलेले एकोणीस रिकामे डबे घासून उन्हात वाळवले, वहीचे कागद कापले, खळ केली, आणि आई बाजारात गेल्याचं बघून सगळ्या पुरचुंड्या फरशीवर सोडल्या. गाठी सोडताना एकीला एक होती की दोन, हे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. फडकी एका बाजूला, सामान एका बाजूला. लवंग, मिरी, दालचिनी कुणालाही ओळखता येते. शेवटी दोन ढीग उरले. दोन्ही वाकडेतिकडे, दोन्ही वाळलेले, दोन्ही मातकट तुकडे. एक सुंठ, एक वेखंड. मी दोन्ही हुंगले. एकाचा वास मंद होता, एकाचा नाकात शिरणारा. मसाल्यात जाणार त्याचाच वास जास्त असणार, असं मी ठरवलं, आणि सुंदर गोलाकार अक्षरात त्या डब्यावर 'सुंठ' लिहिलं. दुसऱ्यावर 'वेखंड'.

आई परत आली, डब्यांच्या रांगेसमोर बराच वेळ उभी राहिली. "लई चांगलं दिसतंय, कुसे," म्हणाली. "आता मला काय पाहिजे ते तुला विचारावं लागंल म्हणायचं." मला ते कौतुक वाटलं. तिच्या त्या वाक्यात दुसरंही काही होतं, हे कळायला मला आठ दिवस लागले.

एरवी काही बिघडलं नसतं. आईनं झाकण उघडलं असतं आणि तिच्या नाकानं सांगितलं असतं. पण गुरुवारपासून तिला अशी सर्दी झाली की नाकाचा नुसता दगड. ओव्याची पुरचुंडी हुंगून झाली, मिरी घातलेलं हळदीचं दूध झालं, वाफ झाली. काही उपयोग नाही. शुक्रवारी सकाळी ती तशीच कढईसमोर बसली. "आज तू माझं नाक," मला म्हणाली. मी एकेक डबा वाचून पुढं करत होते. "सुंठ दे मूठभर." मी दिली. आईनं ती तेलात सोडली, फुगली तशी काढली. वास मला आला का? आला असेलही. पण शेजारी मिरची निवडून ठेवलेली, तिखटाचा खकाणा. त्यात आमच्या शेजारी हत्ती येऊन उभा राहिला असता तरी त्याचा वास आला नसता. त्याच सकाळी समोरच्या शकीला खालाची सून वाटी घेऊन आली होती, तान्ह्या बाळासाठी वेखंड पाहिजे म्हणून. मी त्या दुसऱ्या डब्यातलं दिलं. लेबल बघून, अगदी खात्रीनं.

संध्याकाळी डंक्यावरून मसाला कांडून आला. शनिवारी दुपारी, नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, पीठ आणि मसाला मोठ्या प्रमाणावर एकत्र करण्याआधी आईनं दोन्हींचा एकेक डाव घेऊन छोट्या पातेल्यात चाखायपुरती आमटी लावली. बाबांनी वाटी तोंडाला लावली आणि थांबले. "चांगली आहे," म्हणाले. बाबा 'चांगली आहे' म्हणाले म्हणजे काहीतरी गडबड होती. एरवी ते न बोलता दुसरी वाटी पुढं करत. ताईनं चाखली. "कडसर लागतेय गं. आणि वास कसला येतोय?" आईनं चाखली. जिभेला कडू कळत होतं, नाकाला काही नाही. "दगडफूल जास्त झालं का?" ती स्वतःशीच म्हणाली. मी बाबांच्या मागं उभी होते. मला तो वास ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते आठवत नव्हतं. आंघोळ, ऊन, धुतलेली दुपटी, असलं काहीतरी.

तेवढ्यात शकीला खाला नातवाला कडेवर घेऊन दारात. नातू शिंकतोय, खाला बोलतेय. "सुभद्राबाई, काय दिलं ओ तुमच्या पोरीनं? मी भाजी आणायला गेल्ती, सुनेनं कुटून टाळूवर चोळलं. कलसे बच्चा छींक रहा, छींक रहा! पुसून काढलं, धुऊन काढलं, तरी..." बोलता बोलता ती थांबली. नाक वर करून हुंगलं. पातेल्याजवळ आली, वाकली, मग नातवाचं डोकं हुंगलं, मग पुन्हा पातेलं. "या अल्ला. ह्याच्या डोक्याला सुंठीचा वास, आणि तुमच्या आमटीला ह्याच्या डोक्याचा!"

नातू पुन्हा शिंकला. मग खालाच म्हणाली, "उद्या लग्नाच्या पंगतीत बाळंतिणीच्या खोलीचा वास सुटला, तर चितेगाववाले नवरीकडं बघून काय समजतील ओ?" आणि ताई, जिचं लग्न होतं ती ताई, पदर तोंडात कोंबून अशी हसायला लागली की भिंतीला टेकून खाली बसली. बाबाही हसले. मी पण हसायला लागले, आणि त्याच क्षणी आईची पळी माझ्या दंडावर बसली. एकच. गरम नव्हती, पण भरीव पितळेची होती.

"मारून मसाला सुधरत नाय," आई पळीकडं बघत म्हणाली. ती खाली ठेवली. डंका रविवारी बंद, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत नवं सामान आणून, निवडून, भाजून कांडणं शक्य नव्हतं. पीठ चांगलं होतं. मसाला गेला होता. आईनं मोठं पातेलं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "गल्लीत समद्यांच्या घरात माझ्याच हातचा मसाला हाय. ह्याच उन्हाळ्यातला. जाय, वाटीवाटी माग."

"काय सांगू? सामान कमी पडलं म्हणू?"

"नाय. सुंठीच्या जागी वेखंड घातलं, असं सांगायचं. तुझ्या तोंडानं. खोटं बोललीस तर कुठल्या दारात काय सांगितलं ते ध्यानात ठेवावं लागंल. खरं एकच असतं, सोपं पडतं."

अकरा घरं होती. पहिली वाटी खालानंच दिली, ती पण माझ्याकडून सगळं पुन्हा वदवून घेऊन. "बोल, बोल, मला काय माहीत?" दुसरं घर निवृत्त मास्तरांचं. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. "लेबलावर काय लिहिलं होतंस?" "सुंठ." "अक्षर चांगलं होतं?" "होतं, सर." "मग झालं तर. चूक स्वच्छ अक्षरात केली की माणूस तपासत नाही." आणि आत हाक मारली, "अहो, पोरीला दोन वाट्या द्या." तिसऱ्या घरापर्यंत बातमी माझ्या पुढं धावत होती. चौथ्या दारात मला बघूनच एक मावशी म्हणाल्या, "ये गं वेखंडे!" पुढं दोन वर्षं गल्लीत माझं तेच नाव होतं.

देशमुख काकूंच्या पायरीशी मात्र माझे पाय थांबले. त्या घरात मी कधी काही मागायला गेले नव्हते. पातेलं पोटाशी धरून मी एका दमात सगळं म्हणून टाकलं. काकूंनी विचारलं, "सुभद्रानं पाठवलं? माझ्याकडं?" "हो." "आणि मागायला सांगितलं?" "हो." त्या आत गेल्या आणि वाटी नव्हे, चांगलं मोठं भांडं भरून मसाला घेऊन आल्या. पातेल्यात ओतताना म्हणाल्या, "तिला म्हणावं, पाच वर्षं समोर बसून बघतेय, तरी मला जमत नाही." मग मला थांबवून पाणी आणून दिलं. मी प्यायले. तहान लागलीच होती.

पातेलं भरलं. आईनं त्यात हात घातला, चिमूट जिभेवर ठेवली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "माझंच हाय," म्हणाली. पीठ आणि मसाला एकत्र केला. ह्या वेळी तिनं ताईला, बाबांना, खालाला, तिघांनाही हुंगायला लावलं. मला नाही.

रविवारी पंगत बसली. चितेगावच्या सासूबाईंनी आमटीचा भुरका मारला, वाटी खाली ठेवली, आणि आई नाक ओढत समोर उभी होती तिच्याकडं बघून म्हणाल्या, "खाल्लं. आता बोलते. आणखी वाढा." त्यांनी तीन वेळा घेतली. वाढायला मीच होते. पंगतीत बसलेल्या गल्लीतल्या बायका प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून डोळे मिचकावत होत्या, आणि त्यातल्या प्रत्येकीला वाटत होतं की चव आपल्याच वाटीनं आलीय. मास्तरांच्या घरून तर मागून निरोपच आला की दोन वाट्या दिल्या नसत्या तर काही खरं नव्हतं. खाला निघताना ताईच्या कानात काहीतरी बोलली आणि रडवेली झालेली ताई रिक्षात बसता बसता पुन्हा हसायला लागली. काय बोलली ते ताईनं मला अजून सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणते, तुझ्याच कृपेनं ऐकायला मिळालं ते, तुला कशाला सांगू.

आज मी लेबलं लावते. लावायलाच पाहिजेत, माझ्या डोळ्यांवर आता भरवसा नाही आणि लेकीला सुंठ दाखवली तर ती आलं सुकलंय का विचारते. पण झाकण उघडल्याशिवाय, हुंगल्याशिवाय काही कढईत टाकत नाही. वेखंड फडक्यातच ठेवते, आणि नातवाला ते लावू नकोस, डॉक्टरांना विचार, असं मघाशी तिला सांगून टाकलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी आई मला उठवायला आली तेव्हा तिचं नाक मोकळं झालं होतं. अकरा घरांसाठी अकरा वाट्या धुऊन फरशीवर पालथ्या घातलेल्या होत्या, आणि शेजारी तो बिघडलेला मसाला, परातभर. मला वाटलं, तो फेकायला सांगेल. आईनं तो हुंगला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "वेखंडानं गव्हाला किडा लागत नाय. वर मिरची हाय, मुंगी पण यायची नाय. फेकायचा कामून?" जुन्या लुगड्याची फडकी तिनं माझ्यापुढं टाकली, मागच्या सोमवारी मीच सोडून फेकलेली. मी बसले. एकेका फडक्यात मूठमूठ मसाला घातला, बांधला, एकेका वाटीत ठेवला, आणि एकेका दारात जाऊन सांगितलं, "गव्हाच्या कोठीत ठेवा, आमटीत घालू नका." सांगायची तशी गरज नव्हती. अकराही पुरचुंड्यांना मी दोन-दोन गाठी मारल्या होत्या.